यंत्र उठत नाहीं तेव्हां

आमच्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यास लागूनच, संगणकांची खोली आहे. तींत तीस यंत्रें आहेत, व त्यांतील एकाहि यंत्राच्या पोटांत स्वतःची तबकडी, म्हणजे ज्यास बाजारांत हार्ड डिस्क म्हणतात ती, नाहीं. हें ऐकून पुष्कळ पालकांस आश्चर्य वाटतें. ज्यांत कांहींच सांठविलेलें नाहीं तें यंत्र सुरू तरी कसें होतें, असा प्रश्न गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं खोली पाहावयास आलेल्या एका गृहस्थांनीं आम्हांस केला, व त्या गर्दींत त्यांस धड उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर येथें द्यावें असा विचार आहे. परंतु लिहिण्यास दुसरेंहि एक कारण झालें. गेल्या पावसाळ्यांत एका सोमवारीं हीं यंत्रें उठेनाशीं झालीं, आणि त्या गडबडींत नववींतील एका विद्यार्थ्यावर आमच्याकडून अन्याय झाला. ती हकीकत पुढें येईल; आधीं यंत्र उठतें कसें तें पाहूं.

बटण दाबलें कीं संगणक लगेच शहाणा होत नाहीं. वीज शिरते त्या क्षणीं त्याची स्मृति अगदीं कोरी असते. मुख्य आज्ञावली, मग ती विंडोज म्हणा वा लिनक्स म्हणा, त्या स्मृतींत आणून ठेवल्यावांचून तो कामाचा नाहीं. आणि ती आणण्याचें काम करण्यास पुन्हां आज्ञावलीच पाहिजे! हा तिढा जुना आहे. बुटाच्या मागील बाजूस ओढण्यासाठीं जी पट्टी असते तिला इंग्रजींत बूटस्ट्रॅप म्हणतात; तीच पट्टी ओढून स्वतःस वर उचलणें अशा अर्थाचा त्या भाषेंत एक वाक्प्रचार आहे, व त्यावरूनच संगणक सुरू होण्याच्या क्रियेस बूट होणें हें नांव पडलें. आपण त्यास स्वतःच्याच खांद्यावर बसून ओढा उतरणें म्हणूं. यावर तोड अशी काढिली आहे कीं, यंत्राच्या मुख्य फळीवरील एका चिपेंत, वीज गेली तरी न पुसणारी, थोडीशी आज्ञावली कारखान्यांतच लिहून ठेवितात. तिला मोठें ज्ञान नसतें. आपले अवयव तपासावे, आणि मग मोठी आज्ञावली अमुक ठिकाणीं शोधावी, एवढेंच तिला येतें.

मुंबईस हा विषय नवा नाहीं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें येथेंच बांधलेला टिफ्रॅक नांवाचा संगणक १९६० सालीं काम करूं लागला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास तें नांव दिलें. त्याची स्मृति २,०४८ शब्दांची होती, व प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता. आजच्या मापानें हा हिशेब १०,२४० बाइटांचा होतो. एवढी संख्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याशीं काम आहे.

आमच्या यंत्रांत ती लहान आज्ञावली तबकडीकडे न वळतां भिंतींतील तारेकडे वळते. तारेच्या दुसऱ्या टोकास, कुलपाच्या कपाटांत, एक मोठें यंत्र आहे. त्यास सर्व्हर म्हणतात. मोठी आज्ञावली त्याच्यापाशीं आहे, व तीसहि यंत्रें रोज सकाळीं ती त्याच्याकडून मागून घेतात. असें करण्याचें मूळ कारण पैसा. आमचीं बरींच यंत्रें लॅमिंग्टन रोडवरून जुनींच घेतलेलीं आहेत, आणि जुन्या यंत्रांत प्रथम दगा देते ती तबकडीच. शिवाय तीस ठिकाणीं दुरुस्ती करण्यापेक्षां एके ठिकाणीं करणें सोपें, आणि एखाद्या मुलानें खेळतां खेळतां कांहीं बिघडविलेंच तर यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें कीं तें जसेंच्या तसें! तबकड्या महाग होत्या त्या काळीं, १९८५ सालीं, बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर या दोघांनीं असें तारेवरून उठण्याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. पुढें १९९९ सालीं इंटेल कंपनीनें पीएक्सई या नांवाचे नियम सुधारून दिले. जाणते लोक त्यास पिक्सी म्हणतात. आज बाजारांतील बहुतेक यंत्रांस पिक्सी येतें. मालकास त्याची वार्ताहि नसते.

आतां ही मागणी होते कशी? गिरगांवांतील एका जुन्या चाळींत परगांवचा एक मनुष्य आला आहे अशी कल्पना करा. त्यास खोली नाहीं, ओळख नाहीं, व्यवस्थापक कोणत्या मजल्यावर राहतात तेंहि ठाऊक नाहीं. तो चौकांत उभा राहून मोठ्यानें हांक मारितो, "अहो, येथें खोली देणारें कोणी आहे काय?" हांक सर्व बिऱ्हाडांस ऐकूं जाते, परंतु उत्तर देण्याचा अधिकार ज्यांस आहे ते व्यवस्थापक तेवढे गॅलरींतून वांकून म्हणतात, "चौदा नंबर रिकामी आहे." तो पुन्हां सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणतो, "मग मी चौदा नंबर घेतों." व्यवस्थापकांनीं "ठीक" म्हटलें कीं व्यवहार पुरा. संगणकांच्या जाळ्यांत अगदीं हेंच चार वाक्यांचें संभाषण होतें. त्याचे नियम १९९३ सालीं ठरले, व त्यांस डीएचसीपी म्हणतात. त्या परगांवच्या मनुष्याजवळ स्वतःचें असें एकच असतें, तें म्हणजे जन्मखूण. प्रत्येक यंत्राच्या जाळ्याच्या कार्डावर बारा अक्षरांची अशी खूण कारखान्यांतच उमटविलेली असते, व व्यवस्थापक आपल्या वहींत त्या खुणेपुढें खोलीचा नंबर मांडून ठेवितात.

तबकडी नसलेल्या यंत्रास नुसती खोली मिळून भागत नाहीं. त्यास शिधा हवा. म्हणून आमचा सर्व्हर त्याच उत्तरांत आणखी दोन गोष्टी सांगतो: शिध्याचें कोठार कोणत्या खोलींत आहे, व गांठोड्यावर काय नांव लिहिलेलें आहे. या दोन गोष्टींकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण आमच्या सोमवारच्या संकटाचें मूळ तेथेंच होतें. आणखी एक लक्षण असें कीं, ही हांक चाळीच्या भिंतीबाहेर जात नाहीं. शेजारच्या चाळींतील व्यवस्थापकांनीं खोली द्यावी अशी इच्छा असेल, तर दोहोंच्या मधें निरोप पोंचविणारा कोणी नेमावा लागतो. एका इमारतींत सर्व्हर व दुसरींत यंत्रें ठेवून तीं उठत नाहींत म्हणून रडत बसलेले लोक आम्हीं पाहिले आहेत.

गांठोडें आणण्याची रीत मात्र फार भाबडी आहे. ती १९८१ सालच्या नियमांतील असून तिचें नांव टीएफटीपी. एका खेपेस ५१२ बाइट आणावयाचे, पोंच द्यावयाची, आणि पोंच मिळाल्यावरच दुसरी खेप निघावयाची. एखाद्या डबेवाल्यानें दादरहून चर्चगेटास एकच डबा न्यावा, तो रिकामा करून परत पोंचवावा, आणि मग दुसऱ्या डब्यास हात लावावा, तसें हें आहे. टिफ्रॅकची सगळी स्मृति या रीतीनें वीस खेपांत भरली असती. आमच्या यंत्रांस सकाळीं जें पहिलें गांठोडें लागतें तें ३० मेगाबाइटांचें आहे. त्यास ६१,४४० खेपा लागतात! शिवाय खेपांचे क्रमांक ६५,५३५ च्या पुढें मोजतां येत नाहींत, म्हणून सुमारें ३२ मेगाबाइटांपेक्षां मोठें गांठोडें जुन्या रीतीनें कधीं कधीं अर्ध्यावरच अडकतें. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं मोठ्या उत्साहानें आज्ञावलीची नवी आवृत्ति बसविली, आणि सर्व यंत्रें रोज एकाच ठिकाणीं थबकूं लागलीं, त्याचें कारण हेंच होतें. नवें गांठोडें त्या मर्यादेपलीकडे गेलें होतें. तें थोडें कमी करून पुन्हां ३० वर आणलें, आणि १९९८ सालीं झालेल्या सुधारणेप्रमाणें एका खेपेस १,४६८ बाइट पाठविण्याची मुभा सर्व्हरास दिली. तेव्हां खेपा सुमारें २१,४०० वर आल्या.

असो. आतां त्या सोमवारची गोष्ट.

दहावीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा सकाळीं आठ वाजतां व्हावयाची होती. साडेसातांस शिपायानें तीसहि यंत्रांचीं बटणें दाबलीं. अकरा यंत्रें उठलीं. बाकीच्या एकोणीस यंत्रांच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ येऊन थांबली: पीएक्सई-ई५३, बूट फाइलचें नांव मिळालें नाहीं. बाहेर गॅलरींत मुलें भिजलेल्या छत्र्या घेऊन उभीं होतीं. आम्हीं बटणें पुन्हां दाबून पाहिलीं. कांहीं यंत्रें उठलीं, व मघांशीं उठलेलीं दोन बसलीं! मग सर्वांस ठाऊक असलेला उपाय केला, म्हणजे तारा हालवून पाहिल्या. त्यानेंहि कांहीं झालें नाहीं.

इतक्यांत शिपायानें सांगितलें कीं, शुक्रवारीं सायंकाळीं नववींतील एक विद्यार्थी स्विचच्या कपाटामागें हात घालून कांहीं करीत होता. स्विच म्हणजे ती पेटी, जींत सर्व यंत्रांच्या तारा येऊन मिळतात. एवढ्यावरून आम्हीं त्या मुलास वर्गांतून बोलाविलें, आणि दहावीच्या मुलांदेखत विचारिलें कीं, कोणती तार ओढलीस? तो म्हणाला, "सर, माझी पेन्सिल मागें पडली होती, ती काढली. तारेस हात लावला नाहीं." आमचा विश्वास बसला नाहीं. त्यास खोलींत येण्याची मनाई केली, व त्याच्या वहींत पालकांस चिठी लिहिली. त्या चिठींतील शब्द येथें पुन्हां लिहिण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. परीक्षा चालूं राहिलेल्या यंत्रांवर तीन तुकड्यांनीं घ्यावी लागली. शेवटची तुकडी सुटली तेव्हां दोन वाजून गेले होते, आणि परळ-लालबागकडील मुलांस हिंदमाताजवळ तुंबलेल्या पाण्यांतून घरीं जावें लागलें.

मंगळवारींहि तोच प्रकार. बुधवारीं मुलाची आई लालबागेहून आली. ती बाई मोठ्यानें बोलली नाहीं. "त्यानें केलें असेल तर शिक्षा करा," ती म्हणाली, "पण यंत्रास काय झालें आहे तें तरी आम्हांला सांगा." आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दोन दिवस आम्ही मुलास दोष देत होतों, व दोष कशांत आहे हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें.

ती गेल्यावर प्रथमच आम्हीं कागद घेऊन एका बंद पडलेल्या यंत्रासमोर बसून पडद्यावरील प्रत्येक अक्षर उतरून घेतलें. हें पहिल्याच दिवशीं करावयास हवें होतें. पिक्सी जेव्हां अडते तेव्हां ती कारणाचा अंक सांगून अडते, आणि ते अंक समजण्यास कठीण नाहींत. ई६१ म्हणजे तारच लागलेली नाहीं. ई५१ म्हणजे हांक मारली, पण कोणीच ओ दिली नाहीं. ई५३ म्हणजे ओ मिळाली, खोलीहि मिळाली, परंतु गांठोड्याचें नांव कोणी सांगितलें नाहीं. ई३२ म्हणजे नांव मिळालें, पण कोठाराचें दार उघडत नाहीं. तार ओढली असती तर पडद्यावर ई६१ दिसला असता. आमच्या डोळ्यांसमोर एकोणीस पडद्यांवर ई५३ लिहिलेला होता. म्हणजे प्रत्येक यंत्र सांगत होतें कीं, तार शाबूत आहे! शिवाय तुटलेली तार मंगळवारीं आपली आपण जुळून येत नाहीं, आणि येथें तर एकच यंत्र एकदां उठे व एकदां बसे. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी कीं, शुक्रवारनंतर, शनिवारीं सकाळीं आठवीच्या वर्गानें तीसहि यंत्रांवर काम केल्याची नोंद खोलीच्या वहींत आमच्याच अक्षरांत होती.

उतरून घेतलेल्या कागदावर आणखी एक ओळ होती: उत्तर देणाऱ्याचा पत्ता. आमच्या सर्व्हरचा पत्ता १०.०.०.१ असा आहे. पडद्यावर १९२.१६८.१.१ असा होता. म्हणजे चाळींत दुसरे एक व्यवस्थापक येऊन बसले होते, आणि ते आमच्या व्यवस्थापकांच्या आधींच गॅलरींतून ओ देत होते! ते खोली देत. पण शिध्याची गोष्ट त्यांच्या गांवींहि नव्हती. ज्यांचीं कार्डें पहिल्याच उत्तरावर संतुष्ट होत तीं यंत्रें तेथेंच थांबत; जीं कार्डें आणखी थोडें थांबून दुसरें उत्तर ऐकत तीं उठत. मोठी आज्ञावली आल्यावर ती पुन्हां एकदां खोली मागते; त्या वेळीं दुसऱ्याचें उत्तर आधीं आलें तर अर्धें उठलेलें यंत्रहि बसे. सोमवारची ती चढउतार अशी होती.

दुसरे व्यवस्थापक कोठें बसले आहेत हें शोधण्याची युक्ति सोपी आहे. एका चालू यंत्रावरून त्या पत्त्यास सेकंदास एक याप्रमाणें हांका मारीत राहावें, व दुसऱ्यानें स्विचमधील तारा एकेक करून काढून पुन्हां लावाव्या. सतरावी तार काढतांच उत्तरें बंद झालीं. ती तार भिंतींतून शिक्षकांच्या खोलींत जाते. तेथें टेबलाखालीं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागें, दिवे लुकलुकत असलेली एक लहान पेटी निघाली. घरोघरीं वाय-फायसाठीं असते तीच. शनिवारीं दुपारीं गुण भरण्याच्या वेळीं मोबाइलांस इंटरनेट मिळावें म्हणून ती घरून कोणी आणली होती? आम्हींच. त्या पेटीच्या पाठीस एका रंगाचीं चार भोंकें व वेगळ्या रंगाचें एक असें असतें. बाहेरून येणारी तार त्या वेगळ्या भोंकांत लावावयाची असते. ती चारांपैकीं एकांत लावली कीं पेटी समजते, हें सगळें आपलेंच घर, आणि खोल्या वाटूं लागते. आम्हीं ती चारांपैकीं एकांत लावली होती. तार काढली, आणि तीसहि यंत्रें एकदम चालू केलीं. चार मिनिटांत तीसहि उठलीं.

दुसऱ्या दिवशीं दहावीच्या वर्गासमोर, जेथें तो बोलला गेला होता तेथेंच, आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली, व त्याच्या वहींत दुसरी चिठी लिहिली. पेटीची गोष्ट ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "पण सर, आपल्या सर्व्हरनें दुसऱ्यास गप्प कां बसविलें नाहीं?" हा प्रश्न त्या आठवड्यांत विचारलेल्या सर्व प्रश्नांत चांगला होता. गप्प बसविण्याचा अधिकार सर्व्हरास नाहीं. नियम लिहिणारांनीं असें धरलें कीं चाळींत सगळे भलेच लोक राहतात. जो ओ देईल तो व्यवस्थापकच. ही उणीव सर्व्हरानें नव्हे, तर स्विचनें भरून काढावी लागते. कांहीं महाग स्विचांस सांगतां येतें कीं, खोली देण्याचीं उत्तरें अमुक एकाच भोंकांतून आलीं तर पुढें जाऊं द्यावीं, इतर भोंकांतून आलीं तर तेथेंच दाबून टाकावीं. आम्हीं तसा एक स्विच घेतला.

आणि नव्या स्विचनें नवें संकट आणलें! यंत्रें आतां ई५१ म्हणून अडूं लागलीं, म्हणजे कोणीच ओ देईना. दोन वेळां बटण दाबलें कीं मात्र कांहीं उठत. याचें कारण समजण्यास तारेच्या वेढ्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. एकाच तारेचीं दोन्ही टोकें चुकून एकाच स्विचमध्यें लागलीं, तर सर्वांस मारलेली हांक एका भोंकांतून बाहेर पडून दुसऱ्यांतून आंत येते, पुन्हां बाहेर पडते, आणि क्षणांत सगळें जाळें त्या एका हांकेच्या प्रतिध्वनींनीं भरून जाऊन कोणाचेंच कांहीं ऐकूं येईनासें होतें. झाडलोट करतांना लोंबती तार दिसली म्हणून भल्या हेतूनें रिकाम्या भोंकांत खोंचून ठेवणारांनीं पुष्कळ कचेऱ्या अशा बंद पाडल्या आहेत. हें टाळण्याची विद्या रेडिया पर्लमन या विदुषींनीं १९८५ सालीं शोधून काढली. तिच्या नियमांप्रमाणें स्विच नव्यानें लागलेल्या प्रत्येक भोंकावर ३० सेकंद पहारा ठेवितो, आंत वेढा नाहीं अशी खात्री करून घेतो, व मगच वाट मोकळी करितो. तोंवर आमचीं यंत्रें हांका मारून थकून बसत. ज्या भोंकांपुढें एकटें एक यंत्र आहे, दुसरा स्विच नाहीं, तीं भोंकें लगेच उघडावीं अशी सूचना स्विचास देतां येते. ती दिली, व ई५१ गेला. (विकणाऱ्यानें हें सांगितलें नव्हतें, पण आम्हींहि विचारलें नव्हतें.)

रोजच्या रोज जे लहान रोग येतात, त्यांपैकीं थोड्यांचा उल्लेख करितों. सर्वांत सामान्य म्हणजे विजेचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं सबंध मुंबईची वीज गेली, आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या, तो दिवस पालकांस आठवत असेल. वीज जाते तेव्हां नुकसान थोडें होतें. ती परत येते तेव्हां सगळीं यंत्रें एकदम उठूं पाहतात. तबकडी नसलेलें यंत्र दहा सेकंदांत हांक मारूं लागतें, स्विचास मिनिट लागतें, व सर्व्हरास तीन-चार. तोंवर यंत्रें ई५१ म्हणून निजून जातात, आणि पाहणारास वाटतें सर्व्हर जळाला. म्हणून आधीं स्विच, मग सर्व्हर, सर्व्हरचा दिवा स्थिर झाल्यावर यंत्रें, असा क्रम आम्हीं दारावर लिहून लावला आहे. पावसाविषयींहि तेंच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, व त्याच दिवशीं कुलाब्यास अवघा ७३. तेव्हां आपल्या भागांत पाणी येत नाहीं हा भरंवसा कामाचा नाहीं. सर्व्हर तळमजल्यावर व जमिनीवर ठेवूं नये.

दुसरा रोग सेलाचा. मुख्य फळीवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर२०३२ असें लिहिलेलें असतें. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर व ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. तो तीन व्होल्टचा सेल कांहीं वर्षांनीं संपला कीं वीज बंद असतां यंत्र दोन गोष्टी विसरतें. एक म्हणजे आपण तारेवरून उठावयाचें आहे ही. मग तें नसलेली तबकडी शोधीत बसतें. दुसरी म्हणजे आजची तारीख. घड्याळ दहा वर्षें मागें गेलेल्या यंत्रावर बँकेचें किंवा निकालाचें पान उघडलें तर तें पान सुरक्षित नाहीं अशी ताकीद येते, कारण त्या पानाचा दाखला यंत्राच्या मतें अजून लागूच झालेला नसतो. घरच्या यंत्रावर असें झालें तर दुकानांत नेण्यापूर्वीं कोपऱ्यांतील तारीख पाहावी. सेल थोड्या पैशांत मिळतो.

माजी विद्यार्थ्यांनीं कृपाळूपणें दिलेलीं चार नवीं यंत्रें आमच्या सर्व्हराकडून उठत नव्हतीं, त्याचें कारण वेगळें होतें. नव्या यंत्रांतील लहान आज्ञावली नव्या तऱ्हेची असते, तिला यूईएफआय म्हणतात. जुन्या बायोसाचें गांठोडें तिला वाचतां येत नाहीं. यंत्र हांक मारतांनाच आपली जात एका अंकानें सांगतें, बायोस असेल तर शून्य, नव्या तऱ्हेचें असेल तर बहुधा सात. तो अंक ऐकून सर्व्हरानें ज्याला जें हवें तें गांठोडें दाखवावें लागतें. आणि एकदां मुलांचे निबंध सांठवितां येईनात, तेव्हां सगळें जाळें तपासून झाल्यावर कळलें कीं सर्व्हरची तबकडी तुडुंब भरली होती. भरली कशानें? त्यानें स्वतः लिहून ठेविलेल्या रोजच्या नोंदींनीं! आतां जुन्या नोंदी आपोआप काढून टाकण्याची व्यवस्था आहे. मुलांच्या कामाच्या प्रती दर शनिवारीं दुसऱ्या तबकडीवर काढून ती कचेरींतील तिजोरींत ठेवितों, व महिन्यांतून एकदां त्यांतील एखादा निबंध खरोखर उघडून वाचतों. प्रत आहे म्हणजे ती वाचतां येते असें धरून चालणारांस एके दिवशीं मोठा धक्का बसतो.

खोलींतील वहींत आतां तक्रारीचे रकाने आंखले आहेत. यंत्राचा क्रमांक, वेळ, पडद्यावरील ओळ जशीच्या तशी, आणि शेवटीं, हें यंत्र मागें केव्हां नीट चाललें व त्यानंतर खोलींत काय बदललें. नुसतें "चालत नाहीं" लिहिलेली तक्रार घेतली जात नाहीं. ती शिक्षकांचीहि घेतली जात नाहीं.

स्विचच्या कपाटांतील सर्व तारांच्या दोन्ही टोकांस आतां क्रमांकाच्या चिठ्ठ्या आहेत. हें काम त्या नववीच्या मुलानें दिवाळीच्या सुटींत तीन दुपार बसून केलें. कपाटामागें हात घालण्याची त्यास आतां लेखी परवानगी आहे. सतराव्या तारेच्या चिठ्ठीवर त्यानें "शिक्षकांची खोली" असें लिहून खालीं तांबड्या शाईनें रेघ ओढिली आहे.